साहित्य क्रमांक चार

मुरमेवाडी, ता. घनसावंगी, जि. जालना
दि. १२ फेब्रुवारी २०२५

बेबीनंदा तातेराव हिवराळे,

तुझे पूर्ण नाव मी आजवर केवळ अर्जांवर लिहिले. शेवटचे लिहिले ते मृत्यूच्या नोंदीसाठी. पत्राच्या माथ्यावर ते आज प्रथमच लिहीत आहे, आणि वाचणारी व्यक्ती आता नाही हे पूर्ण जाणून लिहीत आहे. माझ्या प्रत्येक कार्यालयीन पत्राचा मसुदा पाठवण्यापूर्वी तू वाचायचीस आणि म्हणायचीस, ‘सगळं बराबर आहे, पण यात माणूस कुठाय?’ मसुदा तुझ्यापुढे ठेवण्याची सवय मला सोडता आलेली नाही.

तालुक्याच्या कार्यालयाकडून पत्र आले आहे. गावच्या आपत्ती समितीचा सचिव या नात्याने माझ्या ताब्यात असलेल्या नदीकाठच्या शेडमधील साहित्य यादीप्रमाणे तपासून ३१ मेपूर्वी किल्ल्या जमा कराव्यात, असे त्यात म्हटले आहे. सोबत अहवाल मागवला आहे: दि. ३ सप्टेंबर २०२४ रोजी बचाव नौकेचे इंजिन का सुरू झाले नाही आणि त्यास जबाबदार कोण. आपल्या गावची नौका चालवणाऱ्या भुजंगची जिल्ह्याच्या बचाव पथकात नावचालक म्हणून निवड झाली आहे, परंतु माझा अहवाल पोहोचेपर्यंत त्याची नेमणूक थांबवून ठेवली आहे.

त्या दिवशीच्या घटना तुला सांगण्याचे कारण नाही. तरी क्रम लिहून ठेवतो. सकाळी आठ वाजता तू परिचारिकेच्या नेहमीच्या फेरीला, बालकांच्या लसींचा डबा घेऊन बेटवस्तीवर गेलीस. दहा वाजता ओढ्याला पूर येऊन वस्तीचा रस्ता तुटला. पावणेअकराला तुझ्या छातीत कळ येत असल्याचा फोन आला. मी शेड उघडली. भुजंगने चाळीस मिनिटे दोरी ओढली. इंजिन एकदाही बोलले नाही. नौकेसोबत वल्ही कधी आलीच नव्हती. पैलतीर आम्हाला दिसत होता, तुझी पांढरी साडी ओळखू येत होती. अखेर भुजंग मासेमारीचा थर्माकोलचा तराफा, म्हणजे चप्पू घेऊन, हाताने पाणी सारत निघाला. त्याने तुला अलीकडे आणले तेव्हा एक वाजून दहा मिनिटे झाली होती. डॉक्टरांनी आधी नाडी पाहिली, मग घड्याळ.

आज पाच महिन्यांनी शेड उघडली. इंजिन लाकडी घोडीवर त्या दिवशी ठेवले होते तसेच आहे. पंख्यावर चिखल वाळला आहे. दोरीच्या मुठीवर भुजंगच्या हाताचे रक्त काळे पडले आहे.

नोंदवहीत माझ्या अक्षरात दरमहा एक नोंद आहे: ‘पिंपात पाणी भरून इंजिन दहा मिनिटे चालवले. सुस्थितीत.’ ऑगस्टअखेरपर्यंत एकही महिना सुटलेला नाही. ऑगस्टच्या अखेरीस चाललेले इंजिन चौथ्या दिवशी मरते कसे, एवढाच माझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय मी अहवालावर सही करणार नाही.

त्या उन्हाळ्यात पिंपावरून आपले एकदा बोलणे झाले होते. त्याचा या विषयाशी संबंध नाही, म्हणून ते येथे लिहीत नाही.

तातेराव

---

मुरमेवाडी
दि. १४ फेब्रुवारी २०२५

चि. भुजंग यास आशीर्वाद.

तू माझे फोन उचलत नाहीस. सातवीत तुझे हस्ताक्षर बरे होते, म्हणून पत्राने विचारतो.

तुझ्या नेमणुकीसाठी माझा अहवाल लागणार आहे, हे तुला कळलेच असेल. अंदाजाने अहवाल लिहिणे मला जमत नाही. इंजिन मेकॅनिककडे न देता मी स्वतः उघडणार आहे. दोष कोठे होता हे मला माझ्या डोळ्यांनी पाहायचे आहे. मी विज्ञान शिकवले, परंतु पाना हाती धरलेला नाही. तू दहा वर्षे ती नौका चालवलीस. कोठून सुरुवात करावी आणि काय पाहावे, ते क्रमाने लिही.

यादीत क्रमांक एक नौका, दोन इंजिन, तीन जीवरक्षक जाकिटे आणि चार दोनशे लिटरचे पिंप आहे. पहिली तीन जागेवर आहेत. चौथे दिसत नाही. ते कोठे आहे, हेही कळव.

तुझा,
ता. ध. हिवराळे
(निवृत्त मुख्याध्यापक)

---

पैठण
ता. २७ फेब्रुवारी

गुरुजींना भुजंगचा जयभीम अन् नमस्कार.

पत्र भेटलं. इथं जलाशयावर मासेमारीच्या ठेकेदाराची पोरं म्हणली, ‘काय रे, कोर्टाचं हाय का?’ म्हणलं न्हाई, माह्या गुरुजींचं हाय, कोर्टापेक्षा कडक. चुका असतीलच, लाल पेन लांब ठेवून वाचा.

फोन उचलत न्हाई ते खरं हाय. तुमचा आवाज ऐकला की त्या दिवशी तुम्ही मागं उभं राहून म्हणत होते ते ऐकू येतं, ‘ओढ भुजंग, अजून एकदा ओढ.’ माह्या हाताचा वळ गेला, ते काही गेलं न्हाई.

आता इंजिनाचं. जल्दी करू नका. पहिलं दोन्ही प्लग काढा. प्लगला टोपी लावून लोखंडाला टेकवा अन् वसंताला दोरी ओढायला सांगा. माझा चुलत भाऊ हाय, नाही म्हणणार न्हाई. निळी ठिणगी पडली तर करंट बराबर. प्लगला हात लावू नका, झटका बसतो. तुमच्या छडीपेक्षा कमीच, पण बसतो.

मंग टाकीतलं पेट्रोल काचंच्या बाटलीत काढा. ताजं पेट्रोल पाण्यावानी दिसतं, जुनं चहावानी. आंबूस वास आला तर ते मेलं समजा. टाकीकडून येणाऱ्या नळीच्या मधात रबरी फुगा हाय, तो चिरला का बघा. पाणी फेकायच्या छिद्रात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं असंल, ते काडीनं काढा.

मंग कार्बोरेटर. त्याच्या खाली वाटी असती, तिच्यात जुनं पेट्रोल आटून राळीवानी चिकट होतं. मधात पितळंचं जेट हाय, म्हणजे बारीक भोक. उजेडाकडं धरून त्यातून बघा. तार खुपसू नका, भोक मोठं होतं. तुमच्या घरी सिस्टरच्या पेटीत रिकामी सिरिंज असंल, तिच्यानं नवं पेट्रोल मारा.

टिपाडाचं, म्हंजी तुमच्या पिंपाचं म्हणाल तर ते फुटलं होतं. मीच भंगारात देऊन टाकलं, तुम्हाला सांगायचं राह्यलं.

एक म्हणू का गुरुजी? इंजिन जुनं झालं होतं. जुन्याला कारण लागत न्हाई. रिपोर्टात तेवढंच लिहा की.

तुमचा विद्यार्थी,
भुजंग

---

मुरमेवाडी
दि. १६ मार्च २०२५

चि. भुजंग यास आशीर्वाद.

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या सतरा चुका आहेत. इंजिनाच्या माहितीत एकही नाही.

ठिणगी निळी पडली. पेट्रोल चहाच्या रंगाचे निघाले आणि बाटलीच्या तळाशी पाणी वेगळे दिसले. जेट उजेडाकडे धरले, तेव्हा आरपार काहीही दिसले नाही. तिच्या पेटीत तीन सिरिंजा मिळाल्या. सलग तीन दिवस पेट्रोल मारल्यावर टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला. दोष सापडला, असे समजून मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी नवे पेट्रोल तयार करण्यासाठी तेलाचा डबा काढला. आधीचा डबा संपल्यावर तो फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस घेतल्याची नोंद आहे. त्याचे सील शाबूत आहे. मी ते खिडकीशी नेऊन दोनदा पाहिले. पेट्रोलमध्ये हे तेल मिसळल्याशिवाय इंजिन चालवता येत नाही, हे तूच मला सांगितले होतेस. नोंदवहीप्रमाणे मार्च ते ऑगस्ट सहा चाचण्या झाल्या, आणि प्रत्येकीला तेल लागले. सील शाबूत असेल, तर त्या झाल्याच नाहीत. पेट्रोल सहा महिने आत आटत राहिले आणि जेट बुजले.

प्रत्येक वेळी ‘चाचणी झाली’ असा निरोप मला मिळाला आणि त्यावरून मी नोंद केली. तू दोरी ओढत होतास तेव्हा इंजिन सहा महिने बंद असल्याचे तुला ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते. मी मागे उभा राहून तुला धीर देत होतो.

तू माझा विद्यार्थी आहेस. अहवालात तुझे नाव लिहिण्यापूर्वी तुझे म्हणणे मागवत आहे.

ता. ध. हिवराळे

---

पैठण
ता. २९ मार्च

गुरुजी,

म्हणणं काही न्हाई. मी आळस केला. इंजिन चालवलं न्हाई अन् चालवलं म्हणलो. लिहा माझं नाव. पूर्ण लिहा, तुम्ही शिकवलं तसं, बापाच्या नावासकट.

नोकरीचं मनाला लावून घेऊ नका. मासे इथं बी भेटतात अन् तिथं बी.

एकच इनंती हाय. रिपोर्ट द्या, किल्ल्या द्या अन् मोकळे व्हा. अजून खोदू नका. पेट्रोल निघालं, राळ निघाली, आता बस करा.

भुजंग

---

मुरमेवाडी
दि. १८ एप्रिल २०२५

चि. भुजंग,

अहवाल लिहून तयार होता. त्यात तुझे नाव बापाच्या नावासकट होते. काल तो टपालात टाकण्यासाठी मी कुंभार पिंपळगावला निघालो होतो. दारात बेटवस्तीच्या कांताबाई भेटल्या. वसंताच्या बैलगाडीत पिंप घालून आल्या होत्या. निळे पिंप, त्यावर माझ्याच हाताने रंगवलेला आकडा: चार. आमचे बोलणे जसे झाले तसे लिहितो.

‘गुरुजी, हे घ्या तुमचं टिपाड. वसंता म्हणला, किल्ल्या वापस चालल्या. मंग म्हणलं, सरकारचं सरकारला जाऊ द्या.’

‘हे तुमच्याकडे कसे आले?’

‘कसं म्हंजी? सिस्टरनं आणलं की, गेल्या सालच्या शिमग्याच्या आधी. त्या अन् भुजंग, दोघं गडगडत घेऊन आल्ते. सिस्टरच्या साडीला सगळा फुफाटा.’

‘भुजंग म्हणतो, ते फुटले होते.’

‘फुटलं? वता पाणी अन् बघा, थेंब गळत न्हाई. टँकर आला की आमच्या आठ घरांचं पाणी ह्याच्यात. सिस्टर म्हणायच्या, ह्यात आता मशीन धुवायचं न्हाई, लेकरं धुवायची.’ मग त्यांनी घोडीवरच्या इंजिनाकडे पाहिले. मी ते कामासाठी ओसरीत आणून ठेवले आहे. ‘हेच का ते मुडदं?’ म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून बसल्या.

मी त्यांना पाणीही विचारले नाही.

अहवाल फाडला आहे. चाचणी झाल्याचा निरोप दरमहा मला कोण देत असे, हे मला पहिल्या दिवसापासून आठवते. तुला लिहिलेल्या पत्रात ते मी मुद्दाम गाळले. आता ते मला तुझ्या अक्षरात हवे आहे. मला जपू नकोस.

ता. ध. हिवराळे

---

पैठण
ता. २ मे

गुरुजी,

चार कागद फाडले, हा पाचवा.

त्या मार्चात मी चाचणीला टिपाड भरून राह्यलो होतो. टँकरचं पाणी. सिस्टर स्कूटीवरून आल्या अन् थांबल्या. ‘भुजंग, किती पाणी लागतं रे याला?’ म्हणलं, दीडशे लिटर. ‘अन् मंग त्या पाण्याचं काय करतो?’ म्हणलं, तेलकट होतं, फेकून देतो. त्यांनी टिपाडात वाकून बघितलं. मंग म्हणल्या, ‘वस्तीवर बाया दोन कळशांसाठी झिंज्या धरून राह्यल्या, अन् तू ह्या डबड्याला आंघोळ घालतो?’

मी म्हणलो, सिस्टर, गुरुजी मला सोडणार न्हाईत. त्या हसल्या. ‘गुरुजींना मी सांभाळते. नदीत पाणी आलं की नदीवर नेऊन चालव. आता नदीत बेडूक न्हाई, बोट कोणाला लागती?’ मंग आम्ही दोघांनी टिपाड वस्तीवर नेलं. चाचणीचं अर्धा लिटर पेट्रोल दर महिन्याला सिस्टरच्या स्कूटीत जायचं, लसीचा डबा न्यायला. घरी तुम्हाला त्याच सांगायच्या.

पण पुढचं माझं हाय, ते सिस्टरवर टाकू नका. आषाढात पाणी आलं. नदीवर नेतो, आज नेतो, उद्या नेतो, करत राह्यलो. सिस्टरनं दोनदा आठवण दिल्ती. दोनदा मी हो म्हणलो.

अजून एक हाय. ते मी कोणाला सांगितलं न्हाई. चप्पूवर सिस्टर आडव्या होत्या, मी मागून पाणी सारत होतो. मधात आल्यावर त्यांनी डोळे उघडले. म्हणल्या, ‘सुरू झालं न्हाई ना रे?’ म्हणलं, न्हाई झालं. म्हणल्या, ‘गुरुजींना सांगू नको. ते वहीत लिहितील.’ मी शब्द दिल्ता. आज मोडला.

तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो, कारण तुम्ही विचारणारच. दर महिन्याला चालवलं असतं तर त्या दिवशी चालू झालं असतं. बिलकुल झालं असतं.

आता नाव कोणाचं लिहायचं ते तुम्ही ठरवा.

भुजंग

---

मुरमेवाडी
दि. ३० मे २०२५

बेबीनंदा तातेराव हिवराळे,

भुजंगच्या पत्राला मी उत्तर लिहिले नाही. फोन केला. त्याने उचलला. मग त्याने विचारले, ‘जेवले का गुरुजी?’ मी होय म्हणालो. ते खरे नव्हते.

जे पहिल्या पत्रात लिहिले नाही, ते आता लिहितो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तू ताट वाढताना मला विचारले होतेस, ‘ते शेडमधलं पिंप वस्तीवर देऊ का? पाऊस पडेपर्यंतच.’ मी म्हणालो, ‘ते चाचणीसाठी आहे. यादीत आहे.’ तू पुन्हा विचारले नाहीस. मी ती संमती समजलो. बत्तीस वर्षांत तू ज्या ज्या वेळी दुसऱ्यांदा विचारले नाहीस, त्या सर्व वेळा मी संमतीच समजलो होतो.

त्यानंतर दर महिन्याच्या अखेरीस तू चहाचा कप वहीशेजारी ठेवून सांगायचीस, ‘चाललं बरं का इंजिन. मी आवाज ऐकला.’ मी ‘सुस्थितीत’ लिहून खाली सही करायचो. नोंदीच्या शेवटच्या रकान्याचे शीर्षक ‘प्रत्यक्ष पाहिले’ असे छापलेले आहे. शेड घरापासून सहाशे पावलांवर आहे. मी एकदाही गेलो नाही. मी गेलो असतो, तर तुला खोटे बोलावे लागले नसते. आणि मी पिंप देऊ केले असते, तर मी स्वतःच इंजिन नदीवर नेण्याची आठवण ठेवली असती. सहा खोट्या नोंदी तुझ्या नाहीत, भुजंगच्याही नाहीत. अक्षर माझे आहे.

अहवालाचा मजकूर पुढीलप्रमाणे आहे: ‘मार्च ते ऑगस्ट २०२४ या काळात इंजिनाची चाचणी झाली नाही. परिणामी जुने पेट्रोल आटून जेट बुजले आणि दि. ३ सप्टेंबर रोजी इंजिन सुरू झाले नाही. चाचणी प्रत्यक्ष न पाहता समितीच्या सचिवाने सहा नोंदी केल्या. जबाबदारी सचिव तातेराव धर्माजी हिवराळे यांची आहे. नावचालकाने उपलब्ध साधनांनी, जिवाची पर्वा न करता, रुग्णास तीरावर आणले.’

तुझे नाव त्यात ‘रुग्ण’ या एका शब्दापलीकडे नाही. तू चप्पूवर जे सांगितलेस ते मी ऐकले आहे. वहीत लिहिलेले नाही. भुजंगने दोनदा ‘हो’ म्हटले, तेही लिहिलेले नाही. जाणूनबुजून अपूर्ण ठेवलेला हा माझा पहिला अहवाल आहे. मसुदा तू पाहिला असतास, तर तुझ्या नेहमीच्या प्रश्नाला मी यावेळी काय उत्तर दिले असते, ते मला माहीत नाही.

काल इंजिन चालवून पाहिले. पिंपात नव्हे. यंदा मेमध्येच मोठा पाऊस होऊन नदीला पाणी आले आहे. वसंता आणि वस्तीवरच्या दोघांनी ते नदीवर नेऊन नौकेला लावले. तेलाचे सील मी स्वतः फोडले. वसंताने रबरी फुगा दाबला, चोक ओढला आणि दोरी खेचली. पहिल्या वेळी काही झाले नाही. दुसऱ्या वेळी खोकल्यासारखा आवाज आला. तिसऱ्या वेळी इंजिन सुरू झाले. निळा धूर आला आणि छिद्रातून पाण्याची धार पडू लागली. दरमहा तू ऐकल्याचे सांगत होतीस तो आवाज मी काल प्रथमच जवळून ऐकला. फार मोठा आहे. खरोखर सुरू झाले असते तर तो मला ओसरीत बसून, वही न उघडताही ऐकू आला असता. सहा महिने मी तो ऐकला नाही, आणि तो का ऐकू येत नाही, असा प्रश्नही मला पडला नाही.

वसंता म्हणाला, ‘बसा गुरुजी, पलीकडं जाऊन येऊ.’ मी जाकीट घालून बसलो. घाटाच्या दगडापासून बेटवस्तीच्या बाभळीपर्यंत मी घड्याळ लावले. चार मिनिटे दहा सेकंद.

बाभळीखाली कांताबाई उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘या, चहा घ्या.’ मी उतरलो. चहा घेतला. वसंताने पिंप माझ्याकडून नौकेतून परत आणले होते, ते त्यांच्या दाराशी पुन्हा जागेवर उभे केले. यादीत त्याच्यापुढे लिहिले: ‘साहित्य क्रमांक चार. पिंप, एक नग. बेटवस्ती येथे वापरात. परत मागवू नये.’ शेवटच्या रकान्यात ‘प्रत्यक्ष पाहिले’ याखाली सही केली.

आज सकाळी नौका, इंजिन आणि जाकिटे जागेवर ठेवली. टाकीतले उरलेले पेट्रोल काढून वसंताला दिले. कार्बोरेटरची वाटी कोरडी केली. नोंदवही अहवालासोबत बांधली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी शेडचे दार लावले, कुलूप घातले आणि दोनदा ओढून पाहिले. दुपारी दोन वाजता तालुक्याच्या कार्यालयात अहवाल दिला आणि दोन्ही किल्ल्या परत केल्या. पोच घेतली.